स्कॅन तोच, सॉफ्टवेअर तेच, संगणक बदलला की मेंदूचे आकडे का बदलतात?

सल्कस (धागाकर्ती)

सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. त्यानंतर अनेक क्लस्टर (बरेच संगणक जोडून केलेल्या सामायिक यंत्रणा) रॉकी किंवा अल्मा लिनक्सच्या ८ व्या-९ व्या आवृत्तीवर गेले. ज्यांचे अभ्यास तीन-चार वर्षं चालतात त्यांच्यापुढे आता एकच प्रश्न आहे: पहिल्या भेटीचे एमआरआय जुन्या यंत्रणेवर फ्रीसर्फरमधून (एमआरआयवरून मेंदूच्या भागांचं आकारमान आणि जाडी मोजणारं सॉफ्टवेअर) काढले, दुसऱ्या भेटीचे नव्या यंत्रणेवर. फ्रीसर्फरची आवृत्ती तीच आहे, कमांड तीच आहे. मग हे आकडे एकाच तक्त्यात घालायचे का?

उत्तर आधी देते: घालू नयेत. कारणं आणि उपाय यांवर इथे सविस्तर लिहूया, कारण मराठीत यावर काहीच सापडत नाही.

दोन अभ्यास माहीत असावेत. पहिला २०१२ चा, ग्रोनेनशिल्ड आणि सहकाऱ्यांचा, प्लॉस वनमधला. त्यांनी फ्रीसर्फरच्या ४.३.१, ४.५.० आणि ५.०.० या आवृत्त्या, मॅक आणि एचपी अशी दोन प्रकारची यंत्रं आणि मॅक ओएस एक्स १०.५ व १०.६ यांची तुलना केली. आवृत्ती बदलल्यावर भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक पडला (१.३ पासून थेट ६४ टक्क्यांपर्यंत) आणि कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) जाडीत सरासरी २.८ टक्के. हे एक वेळ समजून घेता येतं, आवृत्ती बदलली म्हणजे कोड बदलला. पण आवृत्ती तीच ठेवून नुसतं यंत्र किंवा नुसती ऑपरेटिंग सिस्टीम बदलली तरी साधारण याच्या निम्मा फरक राहिला. मेंदूच्या झिजेच्या आजारांत जे फरक आपण शोधतो ते याच मापाचे असतात.

दुसरा २०१५ चा, ग्लाटार आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी एफएसएल, फ्रीसर्फर आणि सिव्हेट ही मेंदूच्या प्रतिमांची तीन पॅकेजं लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर चालवली. कवटी वेगळी करणं, करडा-पांढरा भाग वेगळा करणं यांत फारसा फरक नाही. पण लांबलचक पाइपलाइनमध्ये (एकापुढे एक चालणाऱ्या पायऱ्यांच्या साखळीत) फरक साचत गेला. एफएसएलने काढलेल्या खोल भागांचं डाइस गुणोत्तर (दोन नकाशे किती जुळतात त्याचं माप, पूर्ण जुळले तर १) बहुतेक वेळा ०.९ च्या वर राहिलं, पण काही ठिकाणी ०.५९ पर्यंत घसरलं. फंक्शनल एमआरआयमधली (मेंदूची क्रिया टिपणाऱ्या स्कॅनमधली) घटक-विश्लेषणं एक तृतीयांश व्यक्तींत वेगळी आली आणि त्याचं मूळ डोक्याची हालचाल दुरुस्त करण्याच्या पायरीत निघालं.

आठवा_बिट

मूळ कुठे आहे ते सांगतो, म्हणजे उपाय आपोआप कळतील.

आयईईई ७५४ हे मानक बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांचं उत्तर शेवटच्या बिटपर्यंत ठरवून देतं. एक्स्पोनेन्शियल, लॉग, साइन, कोसाइन यांच्यासाठी मात्र तशी सक्ती नाही, नुसती शिफारस आहे. ती फंक्शन्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गणिती लायब्ररीतून येतात. लिनक्सवर ती ग्लिबसी या सी लायब्ररीचा भाग. तुमच्या सॉफ्टवेअरने ती डायनॅमिक पद्धतीने (चालताना बाहेरून घेऊन) जोडलेली असेल तर सॉफ्टवेअर तेच राहून खालचं गणित बदलतं.

सेंटओएस ७ मध्ये ग्लिबसी २.१७ आहे, रॉकी ८ मध्ये २.२८, रॉकी ९ मध्ये २.३४. या टप्प्यातच २.२७ आणि २.२८ (दोन्ही २०१८) या आवृत्त्या येतात. त्यांत सिंगल प्रिसिजनची (३२ बिटांत साठवलेल्या संख्यांची; डबल म्हणजे ६४) एक्स्प, लॉग, पॉवर, साइन, कोसाइन नव्याने लिहिली गेली. डबलमधल्या एक्स्प, पॉवर, साइन, कोसाइनसाठी जो सावकाश पण अतिशय अचूक मार्ग राखून ठेवला होता तो काढून टाकला गेला. नवी फंक्शन्स वेगवान आहेत, चांगली आहेत, चूक कुणाचीच नाही. पण शेवटचा बिट कधीकधी वेगळा येतो. म्हणजे आज जे स्थलांतर चाललंय ते नेमकं या सांध्यावरून जातं.

दुसरं, बेरजेचा क्रम. (०.१ + ०.२) + ०.३ डबलमध्ये ०.६००००००००००००००१ येतं आणि ०.१ + (०.२ + ०.३) केलं तर ०.६. कंपायलरने, थ्रेडने किंवा लायब्ररीने क्रम बदलला की उत्तर बदललं.

आणि सिंगल प्रिसिजनची मर्यादा किती जवळ आहे पाहा. फ्रीसर्फर प्रत्येक स्कॅन २५६ × २५६ × २५६ च्या घनात बसवतं. एकूण व्हॉक्सेल (घनातले ठिपके) १,६७,७७,२१६, म्हणजे बरोबर दोनचा चोविसावा घात. सिंगल प्रिसिजनमध्ये एक-एक मिळवत मोजता येणारा शेवटचा आकडाही हाच. त्यात आणखी १ मिळवला तर उत्तर तेच राहतं. इतक्या मोठ्या घनावर सिंगलमध्ये बेरजा करणारा कोड कायम काठावर चालत असतो.

पाटीपेन्सिल

एक शंका. सिंगल प्रिसिजनची सापेक्ष चूक एक कोटीत एक या घरातली. हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या एका लहान भागाच्या) आकारमानात टक्क्याचा फरक पडायला ती दहा हजार पट, लाख पट वाढली पाहिजे. हे नुसत्या साचण्याने होईल असं वाटत नाही. राउंडिंगच्या चुका दोन्ही बाजूंनी पडतात, एकमेकींना खोडतातही.

सल्कस

शंका रास्त आहे. नुसत्या साचण्याने होत नाही, फाटे फुटतात म्हणून होतं.

पाइपलाइनमध्ये असंख्य ठिकाणी हो किंवा नाही असा निर्णय असतो. या व्हॉक्सेलची तीव्रता उंबरठ्याच्या वर की खाली? ऊतकाचं कोणतं लेबल सर्वाधिक संभाव्य? रजिस्ट्रेशनची (एक प्रतिमा दुसरीवर बसवताना उरणाऱ्या तफावतीची) किंमत पुरेशी कमी झाली का, की अजून एक फेरी? दोन लेबलांची संभाव्यता जवळपास सारखी असेल तर सातव्या दशांशातला फरक लेबल उलटवतो. इथे चूक वाढत नाही, सातव्या दशांशातून एकदम अख्ख्या व्हॉक्सेलमध्ये उडी मारते.

त्या एका व्हॉक्सेलने पुढच्या पायरीचं इनपुट बदलतं. रजिस्ट्रेशनमध्ये किमतीचा पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा असतो. दोन यंत्रांवर शोध दोन वेगळ्या खड्ड्यांत स्थिरावला तर फरक मिलिमीटरच्या अंशात जातो. फ्रीसर्फरमध्ये याचं स्पष्ट उदाहरण म्हणजे पृष्ठभागाची टोपॉलॉजी दुरुस्त करणारी पायरी. पांढऱ्या भागाच्या जाळीत एखादं भोक किंवा दांडी असेल तर ते बुजवायचं की कापायचं हा निर्णय ती घेते. एका यंत्रावर बुजवलं आणि दुसऱ्यावर कापलं तर त्या भागातली जाडी सरळ बदलते.

म्हणून फरक सगळीकडे सारखा पसरलेला दिसत नाही. शंभरातल्या बहुतेक स्कॅनमध्ये जवळपास काहीच नाही आणि दोन-चार स्कॅनमध्ये भरपूर, असं चित्र असतं. सरासरी पाहून समाधान मानणारे इथेच फसतात.

वजाबाकी

तपासायचं कसं ते लिहितो. बरेच जण दोन यंत्रांवरच्या फाइलींचा एमडी५ (फाइलीतल्या बाइटवरून काढलेला ठसा) काढतात, तो जुळत नाही, आणि घाबरतात. एमडी५ न जुळण्याची निरुपद्रवी कारणं आधी बाजूला काढावी लागतात.

निफ्टी-जीझेड (मेंदूच्या प्रतिमेच्या आकुंचित) फाइलमध्ये जीझिपच्या शीर्षात वेळेची नोंद असू शकते. निफ्टीच्या ३४८ बाइटच्या शीर्षात वर्णनाची जागा आहे, तिथे एफएसएल आपली आवृत्ती लिहितं. फ्रीसर्फरच्या एमजीझेड फाइलीच्या शेवटी चाललेल्या कमांडची नोंद असते, त्यात फोल्डरचा पत्ता येतो. आकडे शंभर टक्के तेच असूनही फाइल वेगळी. म्हणून फाइल नको, आतले आकडे जुळवा. फ्रीसर्फरमध्ये एमआरआय-डिफ, निबेबलबरोबर येणारं निब-डिफ, किंवा एफएसएलमध्ये एफएसएलमॅथ्सने वजाबाकी, मग निरपेक्ष मूल्य, मग एफएसएलस्टॅट्सने किमान-कमाल. कमाल शून्य आलं तर विषय संपला.

शून्य नसेल तर शेवटच्या तक्त्याकडे पाहत बसू नका. पहिला फाटा शोधा. रिकॉन-ऑलच्या (फ्रीसर्फरच्या पूर्ण पाइपलाइनच्या) एमआरआय फोल्डरमध्ये या क्रमाने जा: ओरिग, एनयू, टी१, ब्रेनमास्क, नॉर्म, एसेग, डब्ल्यूएम, फिल्ड. त्यानंतर सर्फ फोल्डरमध्ये डाव्या-उजव्या बाजूंचे ओरिग, व्हाइट, पायल. पहिली वेगळी निघालेली फाइल ज्या पायरीने बनवली ती पायरी दोषी, तिच्या नंतरचं सगळं नुसती पडझड. ती पायरी एका यंत्रावरचं इनपुट दुसऱ्यावर नेऊन तिथे एकटीच चालवा. तरीही फरक आला तर खात्री झाली.

ओरिगच वेगळी असेल तर ग्लिबसीला दोष देण्याआधी डायकॉमच्या (स्कॅनरने दिलेल्या मूळ फाइलींच्या) रूपांतराकडे पाहा. दोन यंत्रांवर डीसीएम२निक्स या रूपांतराच्या साधनाची आवृत्ती वेगळी असणं हे फार वेळा सापडणारं कारण आहे. रूपांतर एकदाच करावं आणि दोन्हीकडे तीच निफ्टी न्यावी.

शेवटी दोन लेबल-नकाशांचं डाइस. दोन्हींतला सामाईक भाग दुप्पट करून दोन्हींच्या बेरजेने भागायचं. वाचताना एक काळजी घ्या: दहा व्हॉक्सेल बाजूचा घन एका व्हॉक्सेलने सरकला तर डाइस ०.९० येतं, तीस व्हॉक्सेल बाजूचा तितकाच सरकला तर ०.९७. मेंदूतल्या अमिग्डाला आणि ॲक्युम्बन्स या भागांचं डाइस कमी दिसतं त्यातला बराच वाटा त्यांच्या लहान आकाराचा आहे.

कप्पेबंद

हे सगळं शोधण्यापेक्षा कंटेनर (सॉफ्टवेअर आणि त्याच्या लायब्ररी एकत्र बंद केलेला डबा) वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे. कंटेनरमध्ये ग्लिबसी आतलीच असते, त्यामुळे यजमान रॉकी असो की उबुंटू, गणिती लायब्ररी बदलत नाही. सामायिक क्लस्टरवर डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) सहसा मिळत नाही कारण त्याला रूटसारखे अधिकार लागतात, तिथे ॲपटेनर चालतं.

मात्र पुढच्या गोष्टी सांभाळल्या नाहीत तर कंटेनर असूनही गळती होते.

१. कंटेनरची प्रतिमा टॅगने घेऊ नका, डायजेस्टने घ्या. टॅग म्हणजे चिठ्ठी, ती उद्या दुसऱ्या प्रतिमेवर लावता येते. एसएचए२५६ डायजेस्ट (प्रतिमेच्या आतल्या मजकुराचा ठसा) बदलत नाही. ॲपटेनरची एसआयएफ फाइल एकदा बनवा, तिचाही एसएचए२५६ लिहून ठेवा, आणि अभ्यास संपेपर्यंत तीच फाइल वापरा.

२. ॲपटेनर मुळातच तुमचं होम फोल्डर आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आत नेतं. होममधल्या डॉट-लोकल फोल्डरात पायथनची पॅकेजं पडलेली असतील तर कंटेनरमधलं पायथन तीच उचलतं. क्लीनएन्व्ह आणि कंटेनऑल हे दोन्ही पर्याय द्या आणि पायथन-नो-यूजर-साइट १ करा. ही चूक इतकी सर्रास होते की कंटेनर वापरूनही आकडे जुळत नाहीत अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच विचारते.

३. एफएमआरआयप्रेप (फंक्शनल एमआरआय विश्लेषणासाठी तयार करणारी पाइपलाइन) टेम्पलेटफ्लो या संग्रहातून साचे चालू असतानाच उतरवतं. ते फोल्डर आधी भरून ठेवा आणि टेम्पलेटफ्लो-होम त्याकडे वळवा.

४. अल्पाइनवर बांधलेली प्रतिमा लहान असते म्हणून निवडू नका. तिच्यात ग्लिबसी नसून मसल ही वेगळीच सी लायब्ररी असते, म्हणजे गणितही वेगळं.

आठवा_बिट

कप्पेबंद, चारही मुद्दे मान्य. पण 'गणिती लायब्ररी बदलत नाही' इथे एक भोक राहतं, आणि ते मोठं आहे.

कंटेनर ग्लिबसी गोठवतो, प्रोसेसर गोठवत नाही. ग्लिबसीमध्ये साइन, कोसाइन, एक्स्प, लॉग, पॉवर यांच्या एकाहून जास्त प्रती असतात. कार्यक्रम सुरू होताना ती प्रोसेसरकडे पाहते आणि ठरवते की एफएमए सूचना असलेली प्रत वापरायची की साधी. एफएमए म्हणजे गुणाकार आणि बेरीज एकाच राउंडिंगमध्ये. साध्या मार्गात राउंडिंग दोनदा होतं. इंटेलमध्ये एफएमए २०१३ च्या हॅसवेलपासून आलं. म्हणजे तोच कंटेनर, तीच प्रतिमा, डायजेस्टही तोच, आणि क्लस्टरमध्ये एक जुना नोड (क्लस्टरमधला एक संगणक) असेल तर त्या नोडवर दुसरी प्रत चालते. रांगेतून काम कोणत्या नोडवर पडेल ते नशिबावर.

बीएलएएस या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्ररींचंही तेच. ओपनब्लास प्रोसेसर ओळखून आपला कर्नल निवडतं, एमकेएलही. एव्हीएक्स५१२ (एकदम अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचना) असलेल्या नोडवर बेरजा सोळा-सोळाच्या गटात होतात, एव्हीएक्स२ वर आठ-आठच्या. क्रम बदलला की काय होतं ते वर लिहिलंच आहे.

उपाय असे:

एमकेएल असेल तर एमकेएल-सीबीडब्ल्यूआर हे व्हेरिएबल एव्हीएक्स२ ठेवा. इंटेल-एएमडी मिश्र क्लस्टर असेल तर कंपॅटिबल. वेग उतरतो, ते स्वीकारा. ओपनब्लास असेल तर ओपनब्लास-कोअरटाइप हॅसवेल. पायथनची गणिती लायब्ररी नमपाय स्वतःही प्रोसेसर पाहून मार्ग निवडतं, त्यासाठी एनपीवाय-डिसेबल-सीपीयू-फीचर्स आहे. ग्लिबसीसाठी ग्लिबसी-ट्यूनेबल्समधला एचडब्ल्यूकॅप्स. त्यातल्या वैशिष्ट्यांची नावं आवृत्तीनुसार बदलली आहेत, म्हणून कंटेनरमधल्या आवृत्तीची पुस्तिका पाहूनच लिहा. नाव चुकलं तर तो मुकाट्याने दुर्लक्ष करतो आणि तुम्हाला वाटतं काम झालं.

यातलं काहीच जमत नसेल तर सोपा मार्ग: स्लर्ममध्ये (क्लस्टरवर कामं वाटणाऱ्या व्यवस्थेत) कॉन्स्ट्रेंट देऊन संपूर्ण अभ्यास एकाच जातीच्या नोडवर चालवा.

कप्पेबंद

मान्य. माझ्या यादीत ही पाचवी ओळ हवी होती. नोडचं नाव आणि एलएससीपीयूचं आउटपुट प्रत्येक कामाच्या लॉगमध्ये लिहून ठेवलं तर निदान नंतर शोधता येतं.

थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आणि सीड (यादृच्छिक आकड्यांचा आरंभबिंदू) यांचंही इथेच लिहिते, कारण अनेकदा फरक यंत्राचा नसतोच, एकाच यंत्रावर दोनदा चालवलं तरी येतो. म्हणून पहिली चाचणी नेहमी हीच: तेच यंत्र, तेच काम, दोन वेळा.

ओपनएमपीमध्ये अनेक थ्रेडांच्या बेरजा कोणत्या क्रमाने एकत्र येतील हे ठरलेलं नसतं. ओएमपी-नम-थ्रेड्स १ केलं की क्रम ठरतो. फ्रीसर्फर गोल पृष्ठभाग बनवताना सीड १२३४ असा ठरवूनच देतं. एएनटीएस या रजिस्ट्रेशनच्या साधनात मेट्रिकसाठी नमुने यादृच्छिक घेतले जातात, तिथे एएनटीएस-रँडम-सीड द्या आणि त्याखालच्या आयटीके लायब्ररीचे थ्रेड १ करा. एफएमआरआयप्रेपमध्ये तीन गोष्टी एकत्र लागतात: रँडम-सीडचा आकडा, स्कल-स्ट्रिप-फिक्स्ड-सीड आणि ओएमपी-एनथ्रेड्स १. यातली एक जरी सुटली तरी बाकी दोन निरुपयोगी. एफएसएलमध्ये प्रॉबट्रॅकएक्स२ ला आरसीड, मेलोडिक आणि रँडमाइज यांना सीड.

एक थ्रेड म्हणजे वेळ वाढणार. पण एका व्यक्तीला आठ थ्रेड देण्याऐवजी आठ व्यक्ती एक-एक थ्रेडवर लावा. अभ्यासाचा एकूण वेळ बहुधा कमीच होतो, फक्त मेमरी पुरते का ते आधी बघा.

वजाबाकी

यादीत एक क्षुल्लक दिसणारी भर. फोल्डरमधल्या फाइली कोणत्या क्रमाने मिळतील हे फाइलसिस्टीमवर असतं. पायथनचं ग्लोब क्रमवारी लावून देत नाही. तीस जणांचा सरासरी साचा बनवताना एका यंत्रावर बेरीज पहिल्यापासून आणि दुसऱ्यावर सतराव्यापासून सुरू झाली तर साचा वेगळा, आणि मग त्यावर बसवलेले तीसही जण वेगळे. प्रत्येक ठिकाणी सॉर्ट करा आणि एलसी-ऑल सी ठेवा, कारण सॉर्टचा क्रमसुद्धा लोकॅलनुसार बदलतो. मॅकच्या नेहमीच्या मांडणीत फाइलनावातलं लहान-मोठं अक्षर एकच धरलं जातं, लिनक्सवर नाही. हेही लक्षात असू द्या.

निळीशाई

मॅकचा विषय निघालाच आहे तर विचारते. एम-मालिकेच्या मॅकवर डॉकरमध्ये चाचणी घ्यायची आणि मोठं काम क्लस्टरवर, अशी अनेकांची पद्धत आहे. प्रतिमा तीच असेल तर आकडे जुळतील अशी अपेक्षा ठेवावी का?

आठवा_बिट

ठेवू नये. दोन शक्यता आहेत आणि दोन्हींत अडचण आहे.

प्रतिमा एआरएम६४ ची (एम-मालिकेच्या प्रोसेसरची) उतरली तर तो मुळात वेगळा बिल्ड. जीसीसी (कंपायलर) मुळातच अ गुणिले ब अधिक क दिसलं की जमेल तिथे एफएमए वापरतं. एआरएम६४ मध्ये एफएमए सगळीकडे असतं म्हणून ते वापरलं जातं. एक्स८६-६४ च्या (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या) किमान संचात एफएमए नाही म्हणून तिथे वापरलं जात नाही. सोर्स तोच, कंपायलर तोच, राउंडिंग वेगळं. स्वतः कंपाइल करत असाल तर एफपी-कॉन्ट्रॅक्ट ऑफ द्या.

प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४ असं सांगून एक्स८६ चीच प्रतिमा आणली तर ती भाषांतर होऊन चालते. रोझेटा २ या ॲपलच्या भाषांतरकात मॅकओएस १५ येईपर्यंत एव्हीएक्सची सोयच नव्हती, म्हणजे त्याआधीच्या मॅकओएसवर ग्लिबसीला एफएमए दिसत नाही आणि ती साधी प्रत निवडते. क्लस्टरवर तीच ग्लिबसी एफएमएची प्रत निवडते.

स्क्रिप्ट चालते का, फाइली जागेवर पडतात का हे पाहायला मॅक उत्तम आहे. शोधनिबंधात जाणारा एकही आकडा तिथून घेऊ नका.

कंपायलरचाच विषय आहे म्हणून फास्ट-मॅथबद्दलही सांगतो. हा पर्याय देऊन बांधलेली एखादी लायब्ररी नुसती लोड झाली तरी, जीसीसी १३ च्या आधी, ती अख्ख्या प्रक्रियेत अतिसूक्ष्म संख्यांना शून्य करण्याची खूण चालू करायची. म्हणजे दोष भलत्याच पॅकेजचा आणि परिणाम तुमच्या विश्लेषणावर. संशय आला तर डबलमधली सर्वांत लहान सामान्य संख्या निम्मी करून पाहा. शून्य आलं तर खूण चालू आहे.

पाटीपेन्सिल

आणि जीपीयू? फास्टसर्फर, सिंथसेग या न्यूरल जाळ्यांवर चालणाऱ्या साधनांकडे लोक वेगाने वळताहेत. तिथे उंबरठ्यांची साखळी नाही, मग हा त्रास कमी असायला हवा.

कप्पेबंद

साखळी लहान आहे हे खरं, आणि पायऱ्या कमी म्हणून फाटेही कमी. पण जीपीयूवर थ्रेड हजारोंनी असतात आणि ॲटॉमिक बेरजांचा (अनेक थ्रेड एकाच जागी करतात त्या) क्रम ठरलेला नसतो. पायटॉर्च या न्यूरल जाळ्यांच्या लायब्ररीत डिटरमिनिस्टिक अल्गोरिदम चालू करा, क्यूडीएनएनचा बेंचमार्क बंद करा, क्यूब्लास-वर्कस्पेस-कॉन्फिग ४०९६:८ ठेवा (आकड्यांच्या आधी एक कोलनचिन्ह (:) असतं, ते विसरू नका).

सर्वांत फसवी गोष्ट टीएफ३२. २०२० च्या अँपिअर पिढीपासून एनव्हीडियाच्या कार्डांवर कन्व्होल्यूशन मुळातच टीएफ३२ मध्ये होऊ शकतं, ज्यात अपूर्णांकासाठी फक्त १० बिट असतात; सिंगलमध्ये २३. जुन्या कार्डावर आणि नव्या कार्डावर तेच जाळं चालवलं तर अचूकता गुपचूप बदललेली असते. क्यूडीएनएनचा अलाउ-टीएफ३२ फॉल्स करा. लहान कामांना सरळ सीपीयूवर चालवा, काही मिनिटंच जास्त लागतात.

मध्यमान

सगळे प्रतिसाद वाचले. तांत्रिक बाजू उत्तम मांडली आहे, पण दिशेबद्दल मला मूलभूत आक्षेप नोंदवायचा आहे.

आपण सर्व जण दोन यंत्रांचे आकडे बिट-बिट जुळवण्यामागे लागलो आहोत. समजा जुळले. हिप्पोकॅम्पस दोन्हीकडे ४०१२ घन मिलिमीटर आला. तो बरोबर आहे हे कशावरून? ग्लिबसी २.१७ चे उत्तर आणि २.३४ चे उत्तर दोन्ही तितकीच वैध आहेत. त्यांच्यातील फरक हा पाइपलाइनच्या अस्थिरतेची खूण आहे. कंटेनरमध्ये गोठवल्याने ती अस्थिरता जात नाही, फक्त दिसेनाशी होते. ताप मोजायचा थर्मामीटर एकाच आकड्यावर चिकटवून ठेवण्यासारखे आहे ते.

योग्य मार्ग म्हणजे ती मोजणे. मॉन्टे कार्लो अंकगणितात प्रत्येक क्रियेच्या शेवटच्या बिटला मुद्दाम यादृच्छिक धक्का देतात आणि तीच पाइपलाइन अनेकदा चालवतात. व्हेरिफिकार्लो हे साधन त्यासाठी आहे. संपूर्ण फ्रीसर्फर पुन्हा कंपाइल करणे अवघड, म्हणून सलारी, शाटलेन, किआर आणि ग्लाटार यांनी २०२१ मध्ये सोपी वाट दाखवली: फक्त गणिती लायब्ररीला धक्के द्यायचे. धक्के देणारी लायब्ररी एलडी-प्रीलोडने आधी लोड करायची, मूळ सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही. ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्याने जितका फरक पडतो तितकाच फरक या पद्धतीने उभा करता येतो असे त्यांना आढळले.

दहा धावा झाल्या की प्रत्येक भागासाठी सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. विचलन भागिले सरासरी, त्याचा दहा पायाचा लॉग, चिन्ह उलट: हे विश्वासार्ह अंक. सरासरी ४००० आणि विचलन २० असेल तर २.३ अंक. म्हणजे ४०१२ मधील शेवटचे दोन अंक छापण्यात अर्थ नाही. एखाद्या व्यक्तीत विचलन ४०० निघाले तर एकच अंक उरतो, त्या व्यक्तीचा पृष्ठभाग उघडून डोळ्यांनी पाहा. गुणवत्ता तपासणीचे याहून प्रामाणिक साधन मला माहीत नाही.

कप्पेबंद

आक्षेप पटतो, पण निष्कर्ष नाही. अडीचशे जणांचा अभ्यास, प्रत्येकी रिकॉन-ऑलचे काही तास, गुणिले दहा. हा खर्च प्रत्येकाला झेपणार नाही. आणि गोठवण्याचं काम वेगळं आहे: सहा महिन्यांनी परीक्षकाने विचारलं की तक्ता तीन पुन्हा काढून दाखवा, तेव्हा तोच आकडा आला पाहिजे. तो आला नाही तर चूक स्क्रिप्टमध्ये आहे की ग्लिबसीत हे कळायलाच मार्ग राहत नाही. आधी स्थिर करा, मग मुद्दाम हलवून बघा. हा क्रम उलटा चालत नाही.

मध्यमान

क्रम मान्य करतो. शोधकामासाठी स्थिर पाया हवा हे खरे. पण सर्व अडीचशे जणांना दहा धावा कशाला? वय, लिंग आणि स्कॅनची गुणवत्ता पाहून वीस-पंचवीस जण निवडा, त्यांच्यावरच करा. अस्थिर भाग कोणते ते तेवढ्यावरूनही कळते.

सल्कस

या वीस-पंचवीस जणांचा मूळ प्रश्नालाही उपयोग आहे. सेंटओएस ७ वर अर्धा अभ्यास झालेल्यांनी काय करावं, ते आता एकत्र मांडते.

कच्चे स्कॅन हाताशी असतील तर सगळे पुन्हा चालवा, पहिल्या भेटीपासून, नव्या यंत्रणेवर, एकाच कंटेनरमध्ये. याला पर्याय नाही असं समजूनच नियोजन करा. फ्रीसर्फरची स्वतःची सूचनाही हीच आहे की एका अभ्यासातले सगळे स्कॅन एकाच आवृत्तीवर, एकाच प्लॅटफॉर्मवर आणि शक्यतो ऑपरेटिंग सिस्टीमच्याही एकाच आवृत्तीवर काढावेत.

हाताने केलेल्या दुरुस्त्या असतील, म्हणजे ब्रेनमास्क कापलेला किंवा कंट्रोल पॉइंट (पांढरा भाग कुठे आहे ते दाखवणाऱ्या खुणा) टाकलेले, तर त्या वाया जाऊ देऊ नका. त्या फाइली जपून नव्या फोल्डरात ठेवा आणि संबंधित पायरीपासून पुढे चालवा. पण ब्रेनमास्क जुन्या यंत्रणेवरचा आणि बाकीचं नवीन अशी सरमिसळ होते, त्या व्यक्तींची वेगळी खूण तक्त्यात हवी.

सगळ्यांचे कच्चे स्कॅन मिळणार नसतील आणि काहींचे फक्त आकडे उरले असतील, तर जितक्यांचे स्कॅन आहेत त्यांतले वीस-पंचवीस दोन्ही यंत्रणांवर चालवा. प्रत्येक भागासाठी फरक विरुद्ध सरासरी असा ब्लँड-ऑल्टमन आलेख काढा. फरक शून्याभोवती विखुरलेला असेल तर तो गोंगाट आहे, त्याने तुमची ताकद घटते. एकाच बाजूला झुकलेला असेल तर तो पक्षपात आहे, आणि रुग्ण जुन्या यंत्रणेवर व निरोगी नव्यावर असं वाटप झालेलं असेल तर तो गटांमधला फरक म्हणून छापला जाईल. तशा वाटपात नुसत्या त्या आकड्यांवरून नंतर कोणतीही सांख्यिकी दुरुस्ती चालत नाही, कारण यंत्र आणि आजार वेगळे करायला माहितीच उरत नाही.

निळीशाई

निबंधाच्या पद्धती विभागात काय लिहावं? बहुतेक ठिकाणी 'फ्रीसर्फर ७ वापरले' इतकंच असतं.

वजाबाकी

मी परीक्षक असेन तर एवढं मागेन. फ्रीसर्फरची बिल्ड-स्टँप फाइल जशीच्या तशी, कारण ७ म्हणजे काहीच नाही. कंटेनरचा डायजेस्ट. यजमानाचं ऑपरेटिंग सिस्टीम आणि कर्नल, आतली ग्लिबसी (एलडीडीला आवृत्ती विचारली की सांगते). एलएससीपीयूमधलं प्रोसेसरचं पूर्ण नाव. थ्रेडची संख्या आणि सगळे सीड. पायथन असेल तर नमपायचं शो-रनटाइम, त्यात बीएलएएस कोणतं आणि प्रोसेसरची कोणती वैशिष्ट्यं वापरात आहेत ते येतं. मॅटलॅबमध्ये एसपीएम (मेंदूच्या प्रतिमांचं आणखी एक पॅकेज) असेल तर व्हर्जन या कमांडला बीएलएएस विचारा आणि मॅटलॅब सिंगल-कॉम्प-थ्रेडने सुरू केलं का ते लिहा. रिकॉन-ऑलचे लॉग प्रत्येक व्यक्तीच्या स्क्रिप्ट्स फोल्डरात असतात, ते झिप करून पुरवणीत जोडा.

हे हाताने भरू नका. कामाच्या स्क्रिप्टच्या पहिल्या दहा ओळींतच हे सगळं छापून लॉगमध्ये जाऊ द्या, प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळं. एकदाच छापलं तर सत्ताविसावी व्यक्ती दुसऱ्या नोडवर गेलेली कळणार नाही.